पुठ्ठ्याच्या बाहुलीची कळ



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले तेव्हा आमची समजूत अशी झाली की, कामगार कायद्यांवर किंवा कंत्राटी पद्धतीवर काही बोलावयाचे असेल. पण चिटणीस म्हणाले, “भाऊ, त्या विषयावर तुम्ही वर्षभर बोलताच. तुम्ही शाळेतल्या पोरांना घेऊन बाहुल्या करता असे ऐकतो. त्याबद्दल बोला.” आता आली का पंचाईत! आमचे शिक्षण रात्रशाळेत आणि युनियनच्या कचेरीतील पेटाऱ्यातल्या पुस्तकांवर झालेले. कलेचे शास्त्र आम्ही शिकलेलो नाही. खरे सांगावयाचे तर तीस वर्षांत आम्ही पुष्कळ बाहुल्या केल्या, पण त्या सगळ्या कंपनीच्या फाटकासमोर जाळण्यासाठी. गवत, गोणपाट, जुनी पँट आणि वर मडके, एवढ्यात मालकाचा पुतळा तयार होतो. त्याला हात हलवावे लागत नाहीत.

हलणाऱ्या बाहुलीशी गाठ पडली ती एका बाईंमुळे. पाम, टेंभी, कुंभवली, सालवड ही गावे आपणांस ठाऊक आहेतच. एका अंगाला भाताची खाचरे आणि ताडाची झाडे, दुसऱ्या अंगाला तारापूरची औद्योगिक वसाहत. त्या बाजूच्या एका शाळेतील शिक्षिका एका सकाळी आमच्या कचेरीत आल्या. कोपऱ्यात मोर्च्याच्या जुन्या फलकांचा ढीग पडला होता, पुठ्ठे आणि काठ्या. बाई म्हणाल्या, “हे तुम्ही टाकून देणार असाल तर मुलांना द्या. पुठ्ठा चांगला आहे.” आम्ही दिले. पण काठ्या युनियनच्या मालकीच्या, पुढच्या मोर्च्याला लागणाऱ्या. तेव्हा त्यांच्यावर नजर ठेवण्याच्या निमित्ताने आम्हीही शाळेत गेलो. ते जे गेलो ते अजून दर शनिवारी जातो.

पहिली बाहुली अगदी साधी होती. आपल्यापैकी पुष्कळांनी ती जत्रेत पाहिली असेल. दोरी ओढली की हातपाय वर करते आणि सोडली की खाली टाकते. पुठ्ठ्याचे धड कापावयाचे, दोन हात, दोन पाय निराळे कापावयाचे, धडाच्या मागे लावावयाचे आणि सांध्यात भोक पाडून जाड दोऱ्याने गाठ मारावयाची. गाठ घट्ट झाली तर हात हलत नाही, सैल झाली तर लोंबतो. हे सांगून कळत नाही. प्रत्येक मुलाने एकदा घट्ट आणि एकदा सैल मारल्यावरच ते कळते. मग हाताच्या आतल्या टोकाला, सांध्याच्या पलीकडे, दुसरे भोक. दोन्ही हातांची ती भोके एका आडव्या दोऱ्याने जोडली आणि मधून एक उभा दोरा खाली सोडला की झाले.

येथे गंमत झाली. चाळीस मुलांच्या चाळीस बाहुल्या झाल्या आणि त्यांतल्या दहा-बारा तेवढ्या नाचल्या. बाकीच्या मुखदुर्बळ नवऱ्या मुलासारख्या उभ्या! मुले रडकुंडीस आली. बाईंनी आमच्याकडे पाहिले, आम्ही बाईंकडे. तेवढ्यात सहावीतली एक कोळ्याची पोर दोन बाहुल्या उलट्या करून शेजारी ठेवून बघत बसली होती, ती म्हणाली, “काका, हिचं भोक गाठीच्या पार जवळ आहे, आणि हिचं लांब.” मग सगळ्यांनी आपापल्या बाहुल्या उलट्या केल्या. भोक सांध्यातच पडले असेल तर कितीही ओढा, हात ढिम्म. सांध्याच्या जवळ पडले असेल तर दोरी जराशी ओढली तरी हात भर्रकन वर जातो, पण ओढावयास जोर पडतो आणि पुठ्ठा फाटतो. दूर पडले असेल तर जोर कमी लागतो, पण दोरी लांबपर्यंत ओढावी लागते. जोर वाचवलात तर अंतर द्यावे लागेल, अंतर वाचवलात तर जोर द्यावा लागेल. पहारीने धोंडा उलथणाऱ्या प्रत्येक मजुराच्या मनगटाला हे ठाऊक असते, त्याला नाव मात्र ठाऊक नसते. पुस्तकात त्याला तरफ म्हणतात. त्या मुलांच्या पुस्तकात तरफेचा धडा होता, आणि त्यांनी तो पाठही केला होता.

आपल्या भाषेने या विद्येला शब्द मोठा नेमका दिला आहे. कळसूत्री. कळ आणि सूत्र. सूत्र सर्वांना दिसते, कळ दिसत नाही, ती पाठीमागे असते. आम्हां कामगारांची मुले कळ दाबणारी होतात. हिरवे बटन दाबले की यंत्र चालू, लाल दाबले की बंद. आतमध्ये काय फिरते, कशाने फिरते, हे त्यांना कोणी सांगत नाही आणि त्यांनी विचारावे अशी अपेक्षाही नसते. ज्याने एकदा बाहुली उलटी करून तिची कळ पाहिली, तो पुढे यंत्राचे झाकणही उघडून पाहील आणि पगाराच्या चिठ्ठीचेही. आमचा स्वार्थ म्हणाल तर हा एवढा आहे.

महाराष्ट्रात ही विद्या काही नवी नव्हे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी म्हणून गाव आहे. तेथील ठाकर समाजाने लाकडी कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या आणि चित्रकथीच्या पोथ्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या. त्या घराण्यातले परशुराम गंगावणे यांनी २००६ साली गुरांचा गोठा रिकामा करून तेथे या कलेचे संग्रहालय उभे केले. २०२१ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली. संग्रहालयासाठी गोठा रिकामा करावा लागला, हे ऐकून आपणांस वाईट वाटेल. आम्हांला ते फार योग्य वाटते. हातावर पोट असणाऱ्यांची कला गोठ्यातच तगते.

आणि टाकाऊ वस्तूंतून शिक्षण म्हणाल तर त्यासाठी आपल्याला जिल्ह्याबाहेरही जावयास नको. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीस काम आरंभिले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. माँटेसरी पद्धतीची साधने महाग, ती वारली पाड्यावर कोठून येणार? तेव्हा या बायांनी शिंपले, बिया, खडे, पाने यांवर मोजणे आणि वर्गवारी शिकवली. पोरे गुरे राखावयास जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणावर नेली. आज देशभर जी अंगणवाडी चालते, तिची एक वाट या आपल्या टेकडीवरून गेली आहे. पालघरचा माणूस हे विसरतो, म्हणून सांगितले.

दुसरे उदाहरण आमच्या बिरादरीतले आहे. अरविंद गुप्ता नावाचे एक इंजिनियर १९७५ साली कानपूरच्या आयआयटीतून बाहेर पडून पुण्यास टेल्कोत लागले. तेथे लॉऱ्या बनत. १९७८ साली एक वर्षाची रजा काढून ते मध्यप्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान-शिक्षणाच्या कामावर गेले. तेथे आठवड्याच्या बाजारात त्यांना सायकलच्या व्हॉल्वची बारीक रबरी नळी दिसली. तिचे तुकडे करून त्यांत आगकाड्या खोचल्या की त्रिकोण, चौकोन, घर, पूल, काय हवे ते होते. चौकोन दाबला की वाकतो, त्रिकोण वाकत नाही, हे मुलाला बोटांनी कळते. पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी शेकडो खेळणी केली, आणि कृती कोणालाही फुकट घेऊ दिल्या. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ती व्हॉल्वची नळी आम्ही बोईसरच्या सायकलवाल्याकडून आणतो. पहिल्यांदा त्याने विचारले, “भाऊ, युनियनला सायकली मिळाल्या काय?”

येथपर्यंत ऐकून आपण म्हणाल, छान आहे, टाकाऊतून टिकाऊ! हा शब्द अलीकडे फार चालतो. त्याच्याशी आमचे थोडे भांडण आहे. शाळाशाळांतून या नावाच्या स्पर्धा होतात. आम्हीही एकीला परीक्षक म्हणून गेलो होतो. पहिले बक्षीस ज्या देखाव्याला देण्याचे घाटत होते, त्याचे थर्माकोल नवे, रंग नवे, चमकीचा कागद नवा, आणि हात आईबापांचे! टाकाऊ असे त्यात काहीच नव्हते. मुलगा शेजारी उभा होता, त्याला विचारले, हे कशाने चिकटवले? त्याला सांगता येईना. त्याचा दोष नव्हता. मुलाला तासाभरात दोन गुण मिळावेत एवढीच त्याच्या आईची इच्छा, आणि ती रात्री बारापर्यंत जागली होती.

पण त्याहून मोठे भांडण निराळे आहे. गरिबाच्या शाळेला काही द्यावयाचे नसले की तिला कचऱ्याचे महत्त्व शिकविणे सोपे असते. पुठ्ठा, चिंध्या, बाटल्या फुकट मिळतात हे कबूल. पण कातर फुकट मिळत नाही. पक्कड, दाभण, चांगला सुतळीगुंडा, खळ शिजविण्यास गहू, आणि चाळीस मुलांकडे लक्ष द्यावयास दुसरा माणूस, यांपैकी काहीही उकिरड्यावर सापडत नाही. चाळीस मुलांत दोन कातरी असतील तर अडतीस मुले कला शिकत नाहीत, वाट पाहणे शिकतात. तेव्हा २०२० सालच्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवावेत आणि त्यांनी हातकाम शिकावे, असे जे म्हटले आहे, त्याचे आम्ही स्वागत करतो, आणि लगेच विचारतो की त्या दहा दिवसांच्या पकडी कोण देणार? ही सवय आहे, तिला आता इलाज नाही.

आता जे सांगण्यासाठी हे निमंत्रण मनापासून स्वीकारले, त्याकडे येतो.

दुसऱ्या वर्षी आम्ही मुलांना सांगितले की, घरी जे पडले असेल ते घेऊन या. मुलांनी आणले. बांगड्या, करवंट्या, बुचे, फाटके मोजे, शिवणकामाच्या चिंध्या, सायकलचे आरे, तुटक्या छत्रीच्या काड्या. सातवीतल्या एका मुलाने एक जाड, पांढरी, चकचकीत पिशवी आणली. मोठी गोणी असते, तिच्या आतले अस्तर. त्याला त्याचा घोडा करावयाचा होता, पांढरा घोडा. त्याने ती आमच्यासमोर झटकली. शिवणीत अडकलेली थोडी पिवळी भुकटी उडाली आणि त्याची बोटे पिवळी झाली.

ती पिशवी आम्ही ओळखली. तसली पिशवी कोणत्या प्रकारच्या कारखान्यात रिकामी होते, ती रिकामी करताना माणसाने काय घालावयाचे असते आणि प्रत्यक्षात तो काय घालतो, हे आम्हांला ठाऊक होते. आम्ही त्या मुलाला हाताला धरून नळावर नेले, साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, पिशवी काठीने उचलून बाजूला ठेवली आणि सगळ्यांना वर्गाबाहेर काढले. सगळे घाबरले. त्या मुलाला वाटले की आपल्या बापाने आणलेल्या वस्तूचा आम्ही अपमान केला. तो पुढच्या शनिवारी आला नाही.

म्हणून त्याच्या घरी गेलो. पत्र्याची खोली. छपरावर पावसासाठी तसल्याच चार पिशव्या पसरलेल्या, आणि दाराशी पाण्याने भरलेले निळे पिंप. बाप कंत्राटावर काम करणारा. आमच्या युनियनचा सभासद नव्हे, कारण कंत्राटदार सभासद होऊ देत नाही. तो म्हणाला, “भाऊ, पाच वेळा धुऊन घेतलंय. आतून चाटून पुसून साफ आहे.” काय सांगावे? काही रसायने प्लास्टिकमध्ये जिरतात. वरून धुतली तरी आतली हळूहळू बाहेर येत राहतात, पाण्यात उतरतात, आणि त्यांना वास असतोच असे नाही. घातक कचऱ्याचे २०१६ सालचे जे नियम आहेत, त्यांच्या पहिल्याच अनुसूचीत घातक रसायनांनी माखलेली रिकामी पिंपे, डबे आणि अस्तरे यांची नोंद आहे. ती वस्तू कायद्याने घातक कचरा आहे, आणि ती फाटकाबाहेर माणसाच्या डोक्यावरून जावयाची नाही. हे सर्व आम्ही त्याला सांगितले. त्याची बायको आतून ऐकत होती. ती बाहेर आली आणि एवढेच म्हणाली, “मग पाणी कशात भरू?”

बंधुभगिनींनो, तीस वर्षांत आम्ही किती मागणीपत्रके लिहिली असतील याची गणती नाही. बोनस, महागाई भत्ता, रजा, कँटीन, मुखवटे, हातमोजे, सर्व त्यांत आहे. रिकामे पिंप आणि पिशवी कोठे जाते, हे एकाही मागणीपत्रकात नाही. आम्ही कामगाराच्या फुप्फुसाचा विचार फाटकाच्या आतच केला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ सालच्या मोजणीत तारापूरचा निर्देशांक ९३.६९ आला आणि देशातील सर्व औद्योगिक पट्ट्यांत आपला पट्टा वर गेला, तेव्हा त्या आकड्यावर आम्हीच चौकाचौकांत भाषणे ठोकली. आणि तो आकडा एका मुलाच्या बोटांवर पिवळा होऊन आमच्या बाहुल्यांच्या वर्गात येईपर्यंत आम्हांला दिसला नाही. त्या बाईला नवे पिंप युनियनने घेऊन दिले. त्यात मोठेपणा नाही, एका पिंपाने काय होते? पुढच्या मागणीपत्रकात मात्र कलम घातले की, रिकामी भांडी, पिंपे व अस्तरे छिद्रे पाडून नोंदीसह विल्हेवाटीला पाठवावीत, आणि ती बाहेर विकल्यास वा दिल्यास जबाबदारी व्यवस्थापनाची. त्याला उत्तर अजून आलेले नाही.

वर्गातही तेव्हापासून एक रीत पडली. मुलाने वस्तू आणली की ती टेबलावर ठेवावयाची आणि सर्वांसमोर तिची कुळकथा सांगावयाची. ही कोठून आली, हिच्यात आधी काय होते, ती कोणी रिकामी केली. सांगता आले नाही तर वस्तू घ्यावयाची नाही, मग ती कितीही देखणी असो. औषधांचे पत्रे, सुया, दिव्याच्या नळ्या, बॅटरीचे सेल, कारखान्याचे काहीही, बाद. थर्माकोल जाळून कापावयाचा नाही, त्याचा धूर वाईट. पुस्तकी पंडितांनी या रीतीला काय म्हटले असते कोण जाणे, मुले तिला ‘पंचनामा’ म्हणतात. तो इतका रंगतो की कधीकधी बाहुली करावयास वेळच उरत नाही. एका मुलीने रिकाम्या बिस्किटाच्या खोक्याची कुळकथा पंधरा मिनिटे सांगितली. दुकानापासून सुरू करून ती गव्हाच्या शेतापर्यंत पोचली.

तो घोड्याचा मुलगा परत आला. त्याच्या आईनेच पाठविला. घोडा त्याने पुढे जुन्या शर्टाचा केला, पण त्याचे मन त्यात नव्हते. त्याला फिरणारे काहीतरी हवे होते. तो वारली पाड्यातला, मामाकडे तारपा वाजतो. तारपा म्हणजे सुकवलेला दुध्या भोपळा, बांबू, ताडाचे पान आणि मेण, सगळे रानातले, त्यात एक पैशाचा विकतचा माल नाही. त्याने ठरवले की मधोमध तारपेवाला आणि भोवती नाचणारी माणसे करावयाची, आणि ती फिरली पाहिजेत.

याला आम्हांला तीन शनिवार लागले. बुटांचा खोका घेतला. सायकलचा आरा पकडीने वाकवून त्याचा दांडा आडवा आरपार घातला. आऱ्याला मधे एक सेंटिमीटरचा बाक दिला तर त्याच्यावर टेकलेली काडी एका फेऱ्यात दोन सेंटिमीटर वरखाली होते. त्यावर तारपेवाला बसवला, तो वाजवताना वरखाली डोलू लागला. नाच्यांसाठी मात्र आडवे फिरणे हवे होते आणि दांडा उभा फिरत होता. खूप डोके खाजवले. शेवटी झिजलेल्या स्लिपरच्या रबराची चकती कापून दांड्यावर उभी बसवली, आणि तिच्यावर पुठ्ठ्याची तबकडी आडवी टेकवली. दांडा फिरवला की रबर फिरते, आणि रबर घासून तबकडीला फिरवते. पहिल्या वेळी चकती तबकडीच्या बरोबर मध्याखाली आली, तर तबकडी जागची हलेना. बोटभर बाजूला सरकवली आणि बारा नाचे, एकमेकांच्या कमरेला हात घालून, गरागरा फिरू लागले. आपले जव्हार-मोखाड्याकडचे लोक बोहाड्याचे मुखवटे कागदाच्या लगद्याचे करतात, त्याच लगद्याची त्यांची डोकी. चिंचणी-वाढवणकडे दागिन्यांचे डाय कोरणारे कारागीर आहेत, त्यांतल्या एकाचा नातू वर्गात आहे, त्याने बारा नाच्यांची तोंडे टोकदार खिळ्याने कोरली. प्रत्येकाचे तोंड निराळे.

परदेशात अशी माणसे आहेत ज्यांनी बाहुल्या थेट रस्त्यावर आणल्या. पीटर शूमान यांनी १९६३ साली न्यूयॉर्कमध्ये ‘ब्रेड अँड पपेट’ नावाचे नाट्यमंडळ काढले. कागदाच्या लगद्याच्या प्रचंड बाहुल्या घेऊन ते युद्धविरोधी मोर्च्यांत चालत, आणि प्रेक्षकांना स्वतः भाजलेला पाव वाटत. हे वाचले तेव्हा आमच्या कार्यकर्त्यांना फार हुरूप आला. पुढच्या मोर्च्यात मुलांच्या बाहुल्या आणू, असा ठराव आला. आम्ही तो मान्य होऊ दिला नाही. मुलांना मोर्च्यात उभे करून आमचे फलक धरावयास लावणे म्हणजे त्यांचे सूत्र आमच्या हाती घेणे झाले. कार्यकर्ते नाराज आहेत. मुले मोठी झाली की आपले आपण ठरवतील, त्यांना पुठ्ठा कोठे मिळतो ते माहीत आहे.

तो तारप्याचा नाच सध्या आमच्या कचेरीत, जुन्या मागणीपत्रकांच्या कपाटावर ठेवलेला आहे. आलेला प्रत्येक माणूस दांडा फिरवून पाहतो. कंत्राटदाराचा मुनीम परवा आला होता, त्यानेही फिरवला. गेल्या पावसाळ्याच्या दमटपणाने पुठ्ठा फुगला आहे, आणि बारांपैकी एक नाच्या तारपेवाल्याला घासतो, त्यामुळे नाच दर फेऱ्याला त्या जागी अडखळतो. मुलाला निरोप धाडला आहे. तो म्हणाला, “काका, हात लावू नका, शनिवारी येतो.”